माझी बोट चुकली नव्हती

आत्ताच दादाकडून जेवून आले. सहकारनगर ते कोथरूड रिक्षात एक शब्द बोलले नाही. साडीही बदललेली नाही, तशीच लिहायला बसलेय. उद्यावर टाकलं तर नेहमीसारखं "जाऊ दे" म्हणून सोडून देईन, आणि आज मला ते सोडायचं नाही.

झालं असं. पुरणपोळीचं जेवण, सगळे जमलेले. माझी पुतणी, वय २९, खराडीला नोकरी, स्वतःच्या फ्लॅटचे हप्ते स्वतः भरते. ती सहज म्हणाली, मार्चमध्ये चौदा दिवसांची क्रूझ करावी म्हणतेय, एकटीनेच. वहिनी तूप वाढत होती, ती तिथेच थांबली. "एकटीने? आत्याचं काय झालं होतं माहितीय ना? तिकडे अझोर्सला बोट चुकली होती तिची. कुणा परक्या माणसाच्या टेम्पोत बसून आली बिचारी." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादाने मान हलवली. पोरगी गप्प झाली आणि पोळी कुस्करत बसली.

वहिनी, तू हे वाचणार आहेस, म्हणून सगळ्यांदेखत लिहिते. माझी बोट चुकली नव्हती.

बोटीवर परतायची वेळ साडेचारची होती. मी चार वाजून पाच मिनिटांनी धक्क्यावर होते. २५ मिनिटं हातात. माझ्यापुढे रांगेत वीस-पंचवीस माणसं होती, हातात खरेदीच्या पिशव्या, निवांत गप्पा चाललेल्या. माझं कार्ड लावलं, टिंग वाजलं, पर्स मशीनमधून गेली, मी वर जाऊन हातपाय धुतले, कपडे बदलले आणि डेकवर येऊन दोर सोडताना बघत उभी राहिले. याला बोट चुकणं म्हणतात? आणि तुझ्या गोष्टीत "परका माणूस" असतो, त्याच्या शेजारी बसलेली त्याची म्हातारी बायको कधीच नसते. ती कुठे गेली गं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. नोव्हेंबर २०२३. उन्हाळा संपला की भूमध्य समुद्रातल्या बऱ्याच क्रूझ बोटी हिवाळ्यासाठी कॅरिबियनकडे नेतात, वसंतात परत आणतात. त्या जाण्या-येण्याच्या फेऱ्या लांब असतात, बंदरं थोडी आणि पाणी भरपूर, त्यामुळे दरही जरा बरे मिळतात. मी बार्सिलोनाला चढले आणि मायामीला उतरले. वाटेत मालागा, मग जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकमध्ये, मग पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरचं पोंता देलगादा, आणि त्यानंतर कितीतरी दिवस नुसता समुद्र. पश्चिमेला जाताना घड्याळ मागे घ्यावं लागतं. बार्सिलोना आणि मायामीत सहा तासांचा फरक, म्हणजे त्या प्रवासात सहा रात्री एकेक तास जास्तीचा मिळाला. ३४ वर्षं मी बँकेसाठी सकाळची पीएमटी पकडली आहे. आईच्या आजारपणात रात्री तीन-तीनदा उठले आहे. मला विचारा तो एक तास काय असतो.

हो, पहिले दोन दिवस अटलांटिकने हलवून सोडलं, बोट लागली, आलेपाक चघळत पडून होते. लागते बोट. वरंध घाटात गाडी लागते म्हणून कुणी कोकणात जायचं सोडतं का?

आता पैशांचं. कर्वे रोडवरच्या एका ऑफिसात बुकिंगला गेले होते तेव्हाची गोष्ट. तिथला मुलगा चांगला होता, पण म्हणाला, "मॅडम, हा रेट ट्विन शेअरिंगचा आहे. सिंगल असाल तर जवळपास डबल पडेल. एखादी मैत्रीण बघा ना बरोबर." मैत्रीण बघा! जसं काही घर भाड्याने देताय आणि मी भाडेकरू आणायचाय. बरं, केबिन एक जाते, त्यांचं एका माणसाचं उत्पन्न बुडतं, हा हिशेब मलाही कळतो. पण मग २०१० मध्ये 'नॉर्वेजियन एपिक' नावाची बोट आली, तिच्यात एकट्या माणसासाठी १२८ छोट्या केबिन मुद्दाम बांधल्या होत्या, त्या कशा बांधल्या? 'क्वीन मेरी २' इतकी नामांकित बोट, तिच्यावरसुद्धा २०१६ मध्ये एकट्यांसाठी १५ केबिन नव्याने बांधल्या. मनात आणलं की होतं. आपल्याकडे एकटं माणूस म्हणजे अर्धवट राहिलेला फॉर्म, दुसरा रकाना भरल्याशिवाय पुढे सरकतच नाही.

मी डबल भरले. माझ्या केबिनमध्ये दोन उशा, कपाटात दोन लाइफ जॅकेट, रात्री पलंगावर दोन चॉकलेटं. दोन्ही माझी. तीन-चार दिवसांनी केबिन आवरणाऱ्या मुलाने संकोचून विचारलं, दुसरे मॅडम-सर कधी येणार? म्हटलं, कोणी नाही, मीच आहे. तो म्हणाला, "ओके मॅम," आणि रात्री पुन्हा दोन चॉकलेटं ठेवून गेला. तेवढंच. "अरेरे" नाही, "मुलं कुठे असतात" नाही, "मग करमतं का" नाही. अख्ख्या प्रवासात मला कुणी बिचारी म्हटलं नाही. बिचारी मी सहकारनगरला झाले, सख्ख्या भावाच्या पाटावर.

आता त्या दिवसाकडे येते, कारण तो दिवस माझा आहे आणि तो मला परत हवाय.

पोंता देलगादाला बोट अगदी गावालगत लागते. उतरून चालत गेलं की रस्ते सगळे काळ्या-पांढऱ्या दगडांच्या नक्षीचे. पांढरा चुनखडीचा, काळा बसाल्ट. मी वाकून हात लावला. आपला वाड्यांच्या जोत्याचा दगड तोच की, ज्वालामुखीचाच. बोटीच्या सहली महाग असतात, म्हणून मी गावातून साधी बस पकडली आणि बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर गोरियानाच्या चहाच्या मळ्यावर गेले. युरोपात चहा पिकतो हे मला तिथे जायचं ठरवेपर्यंत माहीत नव्हतं. तिथली संत्र्यांची बागायत रोगाने बुडाली, मग लोक चहाकडे वळले, आणि १८७८ मध्ये मकाऊहून दोन चिनी जाणकार आणून चहा करायला शिकले. हा कारखाना १८८३ पासून चालू आहे. आत जायला पैसे नाहीत. जुनी लोखंडी यंत्रं, एका टेबलाभोवती बायका बसून चहातल्या काड्या निवडताहेत, अगदी आपण तांदूळ निवडतो तशा. बोटांची तीच चाल. मी दहा मिनिटं नुसती उभी राहून त्यांचे हात बघत होते. बरोबर कुणी असतं तर "चल ना आता, काय बघतेस" झालं असतं, आणि मी निघाले असते. आयुष्यभर निघालेच आहे.

भिंतीवर १८८३ हा आकडा बघितला आणि पहिली आठवली ती आनंदीबाई. त्याच वर्षी ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसली, अठरा वर्षांची पोर, नवरा मागे ठेवून, अमेरिकेत डॉक्टर व्हायला. ओळखीच्या मिशनरी बायका सोबत होत्या हे खरं, अगदी एकटी नव्हती. पण समुद्र ओलांडला की धर्म बुडतो म्हणणारी माणसं तेव्हा घराघरांत होती. आज आपण पुण्यात तिच्या नावाने कार्यक्रम करतो, शाळेतल्या मुलींना तिची वेशभूषा करून उभं करतो, टाळ्या वाजवतो. आणि घरातली मुलगी चौदा दिवस बोटीने जाते म्हणाली की तुपाची वाटी हवेत थांबते.

परतीची बस आली नाही. इथे माझी चूक आहे, लिहून टाकते. वेळापत्रक मी नीट वाचलं नव्हतं, दिवसाला बस मोजक्याच, आणि एक बस सोडून दुसरीवर विसंबायला नको होतं. बोटीची स्वतःची सहल उशिरा आली तर बोट थांबते. आपण आपले गेलो आणि उशीर झाला तर नाही थांबत. हे मी पुतणीलाही बजावून सांगणार आहे.

उभी राहिले रस्त्याच्या कडेला. बारीक पाऊस. एका बाजूला चहा, दुसऱ्या बाजूला खाली समुद्र, मधे गाई. पीएमटीची वाट बघण्यात जन्म गेला, त्यामुळे घाबरले नाही, पण पोटात गोळा आला होता हे कबूल. तेवढ्यात दुधाच्या कॅन घेऊन जाणारा एक छोटा टेम्पो थांबला. सत्तरीचा शेतकरी, शेजारी त्याची बायको, डोक्याला रुमाल बांधलेला. तिनेच खूण करून विचारलं, कुठे? मला पोर्तुगीज येत नाही, त्यांना इंग्रजी नाही. मी बोटीचं कार्ड दाखवलं आणि घाईत तोंडातून मराठीच निघालं, "नाव, नाव!" म्हातारा म्हणाला, "नावियु!" जहाजाला ते असंच काहीतरी म्हणतात. म्हातारी आत सरकली, मला दाराशी जागा करून दिली आणि माझी ओली छत्री स्वतःच्या पायाशी ठेवली.

पुढचा अर्धा-पाऊण तास मी विसरणार नाही. तिने किल्लीकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलं, मला "चाव" असं ऐकू आलं. मी म्हटलं, "चावी!" ती हसायला लागली. मग खेळच सुरू झाला. रस्त्याकडेला कोबी दिसला, ती "कोव", मी "कोबी". तिच्या पिशवीत पाव होता, ती नाकातून "पाँव", मी "पाव". मी "साबण" म्हटलं, तिने लगेच हात चोळून दाखवले. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी कुणी खलाशांनी आपल्या किनाऱ्यावर उतरवलेले हे शब्द मी त्यांच्या बेटावर परत नेले होते. तिने पाव मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवला. तिच्या हातांना दुधाचा वास होता. आमच्या आईच्या हातांना यायचा तसा, सकाळी दूध तापवून ती मला उठवायला यायची तेव्हाचा. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण डोळे भरून आले होते.

धक्क्यापाशी उतरवलं. पैसे घेतले नाहीत. चार वाजून पाच मिनिटं.

ही गोष्ट मी परत आल्यावर दादाकडेच पहिल्यांदा सांगितली होती, याच टेबलाशी. तेव्हा सगळे ऐकत होते. आणि तीन महिन्यांत तिची काय झाली? म्हातारी गेली, पाव गेला, चावी गेली, २५ मिनिटं गेली. उरलं काय, तर चुकलेली बोट आणि परका माणूस.

दादाचं एक समजू शकते. त्याने २०१२ ची ती इटलीची बोट टीव्हीवर बघितली होती, जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली ती. ३२ माणसं गेली. मी प्रवासाला निघाले तेव्हा रोज रात्री मेसेज करायचा, "कुठे आहेस", आणि समुद्रात नेट नसलं की बिचाऱ्याला झोप लागायची नाही. हे वहिनीने मला नंतर सांगितलं. दादा, तुला तेव्हाच सांगितलं होतं, परत सांगते. बोट सुटायच्या आत प्रत्येकाला आपली जमायची जागा दाखवतात, सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा हे सांगतात, आणि मी ते पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं ऐकते. तुझी काळजी मला कळते. आईच्या शेवटच्या वर्षात तू दर शनिवारी यायचास, मला सुट्टी द्यायचास, ते मी विसरलेले नाही. पण तुझी काळजी तू माझ्याजवळ बोल. माझ्या गोष्टीची काठी करून पोरीला दाखवू नकोस.

आणि कोणत्याही गाडीत बसावं असं मी म्हणत नाही. रात्री, बंदराच्या मागच्या रस्त्याला, एकटा पुरुष असता तर मीही बसले नसते. त्या दोघांकडे बघून बसले. ६४ वर्षांच्या बाईला माणूस बघून कळत नसेल तर कधी कळायचं?

लिहिता लिहिता राग बराच उतरला. वहिनी, पोळ्या उत्तम झाल्या होत्या, तेही सांगायचं राहिलं, कारण मी पान तसंच टाकून उठले. त्याबद्दल माफ कर. बाकीच्याबद्दल नाही.

आत्ताच पुतणीचा मेसेज आला. "आत्या, टेम्पोत त्याची बायको पण होती? मला हे कुणी सांगितलंच नाही."

होती गं. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर ये, सगळं सांगते. पासपोर्ट आण, जुना असेल तर तोही आण, आणि फोटो काढून घे, युरोपच्या शेंगेन व्हिसाला ३५ बाय ४५ मिलिमीटरचा लागतो. त्या मळ्यावरचा चहा डब्यात थोडा उरलाय, दोन कपांपुरता होईल.