पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस ओके? काहीबी!
दोन दिवसांपासून तालुक्यातल्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून रायला, की कॉम्प्युटर कधी चालू होते कधी होत नाही तर रॅम खोडरबराने घासा, सेल बदला, एसएमपीएसचा (म्हणजे कॉम्प्युटरले वीज पुरवणाऱ्या डब्याचा) पंखा फिरला तर तो ओके समजा, अन् तरी नाही जमलं तर मदरबोर्ड गेला.

रॅमचं अर्धं खरं आहे. पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच, नाहीतर बीप वाजते, तेव्हा घासा ना. पण बटण दाबल्यावर आतून हूं नाही का चूं नाही, तर घासून खोडरबरच झिजन.

सेल म्हणजे मदरबोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर २०३२. तो उतरला तर तारीख-वेळ चुकते, बहुतेक बोर्ड तरीबी चालू होतात.

खरा घोळ एसएमपीएसचा. त्याच्या प्लगातली हिरवी वायर काळीले जोडली, पंखा फिरला, झालं ओके? अरे बावा, लोड, म्हणजे अख्खा पीसी चालवायचा भार, कुठं आहे त्याच्यावर? माझ्या दुकानातला पीसी मागच्या डिसेंबरात असाच रुसे, बाहेर सातबाऱ्यासाठी लोक उभे अन् मी आत बटण दाबून रायलो, पाच-सहादा दाबलं की उठे, मग दिवसभर चकाचक, दुपारी बंद करून लावला तरी एका झटक्यात, अन् रात्री भिंतीवरचं बटण चालूच राहिलं तर सकाळीबी काही त्रास नाही. दुरुस्तीवाला म्हणे मदरबोर्ड. मी प्लग चालू ठेवून एसएमपीएसच्या जांभळ्या वायरवर (पीसी बंद असतानाबी हिच्यात वीज असते, तिच्यावरच तो बटणाने उठते) मल्टीमीटर लावलं, ५ व्होल्ट पायजे, निदान ४.७५ तरी, तिथं ४.३! आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) म्हातारा झाला, थंडीत उठतच नाही, गरम झाला की चालते. मित्राचा एसएमपीएस लावला, पहिल्या दाबात सुरू. (डबा उघडू नका मात्र, प्लग काढल्यावरही आत ३०० व्होल्ट बसून राहू शकते.)

अन् मदरबोर्ड म्हणायच्या आधी कॅबिनेटचं बटण तर पाहा! पॉवर स्विचची दोन पिनांची वायर काढा, बोर्डावरच्या त्या दोन पिना पेचकसाने क्षणभर जोडा, चालू झाला तर बटणच खराब, रिसेटची वायर तिथं खोसून द्या, त्याच बटणावर चालते. शेतातले पंप सुरू असतानाच पीसी बंद पडत असन तर आधी सॉकेटातले व्होल्ट मोजा, आमच्याकडं संध्याकाळी ट्यूबलाईटबी लागत नाही.