पॉलिसी होती, पण पूर त्यातून वगळलेला

४ ऑगस्ट २०१९, रविवार. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढवल्याचे मेसेज येत होते आणि जो तो एकमेकांना फोन करून विचारत होता की गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर पाणी आलं, आपल्या नाशकात पुराचं माप तेच. मामाचं कापडाचं दुकान भांडी बाजाराजवळच्या गल्लीत. मामा, मी आणि दुकानातला मुलगा, तिघं खालच्या फळ्यांवरचे तागे माळ्यावर चढवत होतो, अर्धेही झाले नसतील तोवर पाणी उंबऱ्याच्या आत. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या छातीएवढी, साड्यांचे गठ्ठे फुगून फळीत इतके घट्ट बसलेले की ओढले की फाटायचे. मामी उधारीच्या वह्या पान पान सुटं करून पंख्याखाली वाळवत बसली होती.

मामा म्हणत होता विमा आहे, काळजी नको. कर्जासाठी दरवर्षी फायर पॉलिसी निघायची. कागद काढून वाचला तर त्यातून एसटीएफआय वगळलेलं, म्हणजे वादळ, पूर, पाणी शिरणं हे सगळं बाहेर. हप्ता कमी बसावा म्हणून कोणीतरी ते काढून टाकलं आणि मामाला विचारलं पण नाही. नदीपासून दोन गल्ल्या अंतरावरच्या दुकानाच्या पॉलिसीत पूरच नाही!! माझा संताप अजून गेलेला नाही.

सरकारी मदतीचं म्हणाल तर आपत्ती निधीच्या निकषात कपड्यांचे २,५०० आणि भांड्यांचे २,५०० रुपये एका कुटुंबाला, ते पण घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिलं तर. आता गोदावरीचं पाणी रात्रीतून ओसरतं, पण तेवढ्यात गादी, फ्रीज, पीठ सगळं जातंच ना? मग अट शिथिल करणारा वेगळा जीआर निघतो का याची वाट बघायची.

आपल्याकडे नदीकाठी पूररेषा आखलेल्या आहेत, नदीजवळची निळी रेषा आणि तिच्या पलीकडे मोठ्या पुराची लाल रेषा. निळीच्या आत नवीन बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ४५ सेंटीमीटर वर हवं. नियम चांगलाच आहे, पण भाड्यानं खोली घेणाऱ्याला ही रेषा कोण दाखवतं? अमेरिकेत १९६८ पासून सरकारी पूरविमा आहे आणि गावानं बांधकामाचे नियम लावले तरच तिथल्या लोकांना तो मिळतो. तीच तीच घरं पुन्हा पुन्हा बुडून ती योजना कर्जात गेलीय हे खरं, पण नियम आणि विमा एकमेकांना बांधायची कल्पना मला पटते.

आणि होळकर पुलाखालून किती क्युसेक पाणी चाललंय हे पावसाळ्यात तासातासाला कळतं. मग ठराविक आकडा ओलांडला की लाल रेषेच्या आतल्या प्रत्येक घराच्या, दुकानाच्या खात्यात पैसे, पंचनाम्याची वाट न बघता, असा गटविमा सरकारनं जूनच्या आधी काढावा. नागालँडनं पावसाच्या आकड्यावर चालणारा विमा राज्यासाठी घेतलाय, मग आपल्याला काय अडचण आहे? भाडेकरूंना आणि टपरीवाल्यांना त्यात आधी घ्या, त्यांच्याकडे दुसरं काहीच नसतं.

२०२१ पासून घरांसाठी भारत गृह रक्षा आणि लहान धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा या पॉलिसी आल्यात, त्यात पूर धरलेला असतो. मामानं आता तीच घेतलीय. सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटीत कोणाला आपली पॉलिसी वाचून घ्यायची असेल तर मेसेज करा, रविवारी दुकानात बसून वाचून देईन.