यजमानच निघून गेले

लॅपटॉप जुना होता, पण लिनक्स ही संगणकप्रणाली त्यावर झकास चालत होती. मला ते बघवलं नाही.

लॉगिन झाल्या झाल्या घड्याळ दिसावं, टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडावं आणि खिडक्यांच्या चौकटींचा कारभार ओपनबॉक्स नावाच्या प्रोग्रामने बघावा, एवढीच हौस. त्यासाठी 'डॉट एक्ससेशन' नावाची फाइल करून तीन ओळी लिहायच्या. नावाआधी टिंब असल्यामुळे ही फाइल साध्या यादीत दिसत नाही. करणी करणारे लिंबू पुरतात, तसाच हा प्रकार.

पहिली ओळ घड्याळाची. लॉगिन केलं, तर काळ्याभोर पडद्यावर डाव्या कोपऱ्यात नुसतं घड्याळ! ना चौकट, ना बंद करायची फुली. वीस मिनिटं आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. वीसच, कारण वेळ ते अचूक दाखवत होतं.

मग उजेड पडला. ओळी एकामागून एक चालतात, आणि घड्याळ बंद होईपर्यंत दुसरी ओळ दारात ताटकळते. ओळीच्या शेवटी 'अँड'चं (&) चिन्ह टाकलं की 'तुमचं चालू द्या, आम्ही पुढे होतो' असा अर्थ होतो. मी उत्साहाने तिन्ही ओळींना चिन्हं लावली.

आता पासवर्ड टाकला की पडदा लुकलुके आणि पुन्हा लॉगिनच समोर.

"अहो, लाइटबिलाची आज शेवटची तारीख आहे. पासवर्ड बदललात का?"

"नाही."

"मग घेत का नाही?"

"घेतोय ना. घेऊन परत पाठवतोय."

एक्ससेशन-एरर्स नावाची नोंदवही उघडली, तर तिच्यात हवं ते सोडून सगळं होतं. एक्स ही पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा १९८४ साली एमआयटीत जन्मली; तिच्या वयाच्या माणसांसारखीच, चूक न सांगता नुसती गप्प होते.

खरा घोळ शेवटच्या, ओपनबॉक्सच्या ओळीत होता. ती ओळ म्हणजे मंगल कार्यालयातले यजमान. पाहुणे येवोत-जावोत, यजमान हॉलमध्ये असेपर्यंत दिवे चालू. मी यजमानांनाही 'तुम्ही व्हा पुढे' म्हटलं होतं. फाइल संपली, हॉलवाल्याने दिवे घालवले.

कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून काळ्या पडद्यावर गेलो, नॅनो या साध्या लेखन-प्रोग्रामात फाइल उघडली, ओपनबॉक्सपुढचं चिन्ह खोडलं, आधी 'एक्झेक', म्हणजे 'आता इथून पुढे तूच सांभाळ', असं लिहिलं. लॉगिन केलं. घड्याळ आलं, टर्मिनल आलं, दोघांनाही चौकटी! मी हाक मारली.

"खाली ती पट्टी होती ना, ब्राउझरची?"

"त्याला चौथी ओळ लागेल."

तिने मोबाइल काढला.