पांढरा रस्सा विमानात चढत नाही

कोल्हापुरातून अमेरिकेला निघालेल्या माणसाच्या घरात व्हिसापेक्षा डब्यावर जास्त चर्चा होते. "थोडा पांढरा रस्सा घट्ट झाकणाच्या डब्यात घालू काय रे?" नको गं आई. हँडबॅगेत 100 मिलीच्या वरचं पातळ काही चालत नाही, आणि एवढा रस्सा आपल्याकडे मीठ बघायला घेतात. दही, काकवी, लोणचं, ओला ठेचा, सगळं त्याच हिशेबात. चमच्यानं उचलावं लागतंय? मग ते पातळच धरा.

डब्याचं गणित विमानापाशी सुरू केलं की हमखास चुकतं. मुंबईपर्यंत रस्त्यानं 7-8 तास, विमानतळावर 3 तास आधी, पुढं सलग 16 तास. झाले 27. त्यामुळं दहीभात साताऱ्याच्या आत संपवायचा. ओल्या खोबऱ्याची चटणी तर घरातच राहू दे.

खरा सोबती तिखटमिठाची पुरी. 2 वाट्या कणीक, अर्धी वाटी बेसन, 2 मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, तीळ, तिखट, मीठ आणि ओवा. पीठ घट्ट मळा, पुरी जराशी जाड लाटा आणि काट्यानं टोचे मारा. टम्म फुगलेली पुरी ताटात शोभते, बॅगेत मोडते. मध्यम आचेवर तळून कागदावर तासभर पसरून ठेवा. घाईनं गरमच भरल्या, की वाफेचं पाणी होतं आणि पुणं यायच्या आत पुऱ्यांचं चामडं. सोबत सुकी शेंगदाण्याची चटणी. ती पुरीला आधीच चोळून घडी घाला; सीटवर डबी उघडली की निम्मी शेजाऱ्याच्या मांडीवर.

वर हवा कोरडी आणि दाब 6 ते 8 हजार फूट उंचीवरच्यासारखा कमी, त्यामुळं मीठ आणि गोड जिभेला कमी लागतं. मीठ चिमूटभर वाढवा. तिखटाला मात्र हात लावू नका, कारण घसा आधीच सुकलेला असतो आणि पाण्याचा पेला येतो एवढासा!

त्याच कमी दाबानं बंद हवा साधारण एक तृतीयांशानं फुगते. भडंगाची पिशवी फुगते तसं पोटही. म्हणून निघायच्या दिवशी मिसळ नको. हे ऐकून घेणारा कोल्हापूरकर अजून जन्मायचाय, म्हणून तर पुरीत ओवा.

सुक्या खोबऱ्याची वाटी घरीच ठेवा. त्यात तेल असतं, ते आपोआप तापू शकतं म्हणून विमानवाल्यांच्या लेखी खोबरं हा धोकादायक माल. मटणाचं लोणचंही नको, तिकडं मांस आत घेऊ देत नाहीत.

"मग कांदा-लसूण मसाला तरी?" तो मोठ्या बॅगेत, तीन पिशव्यांत बांधून, आणि उतरल्यावर कस्टमवाल्यांना खाण्याचे पदार्थ आहेत असं खरं सांगून. तरी पुढं आठवडाभर मोज्यांना वास येतोच.