शिक्षकांवर आणखी एक ओझे? एका प्रतिक्रियेला उत्तर

किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी शाळा, आरोग्य विभाग आणि स्वयंसेवी संस्था यांनी एकत्र काम करावे, या माझ्या म्हणण्यावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. पहिला असा की, हे काम मानसोपचारतज्ज्ञांचे असून ते अप्रशिक्षितांच्या हाती देणे म्हणजे मुलांच्या जिवाशी खेळ आहे. दुसरा असा की, ‘सहभागा’च्या नावाखाली हे काम शेवटी शिक्षकांच्याच गळ्यात पडेल.

दुसरा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि त्याला चांगला पुरावाही आहे. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने बिहार सरकारच्या साथीने नालंदा जिल्ह्यातील सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम राबवला. काही शाळांत तो शिक्षकांकडे सोपवला, काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या, पण मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकाकडे, आणि उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. समुपदेशक असलेल्या शाळांतील वातावरण स्पष्टपणे सुधारले, मुलांमधील नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी हा कार्यक्रम चालवलेल्या शाळांत मात्र तुलनेच्या शाळांहून वेगळे असे काही घडले नाही. दिवसभर तास घेऊन वर परीक्षा आणि शासकीय कागदपत्रे सांभाळणाऱ्या माणसाकडून वेगळी अपेक्षा कशी ठेवावी? शिवाय ज्याच्या हाती आपले गुण आहेत, त्याच्यापाशी मन मोकळे करणे कोणत्याही पंधरा वर्षांच्या मुलाला जडच जाते, असे मला वाटते.

हाच पुरावा आपल्या पहिल्या आक्षेपाच्या मात्र विरोधात जातो. पदवी नसली तरी नेमके प्रशिक्षण, वरिष्ठांची नियमित देखरेख आणि पूर्ण वेळ मिळाला, तर अशी व्यक्ती उपयोगी ठरते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१५-१६) १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आहेत, आणि भारतात लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. तेव्हा केवळ तज्ज्ञांची वाट पाहणे म्हणजे बहुसंख्य मुलांना काहीच न देणे होय.

तथापि समुपदेशकाची मर्यादा आखून द्यायला हवी. एखादे मूल जीव नकोसा झाल्याचे बोलू लागले, तर त्याला एकटे न सोडता, पालकांना विश्वासात घेऊन, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवावे. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे आणि लहान संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडण्याचे निर्देश दिले, त्यामागेही समुपदेशकाकडून तज्ज्ञांपर्यंत नेणारी हीच साखळी आहे.

या समुपदेशकाचा पगार स्वयंसेवी संस्थेचे अनुदान संपल्यावर कोण देणार, हे आपण विचारले नाही. पण असे उपक्रम बहुधा तिथेच अडतात, म्हणून त्या पदाची तरतूद शिक्षण विभागाच्या अंदाजपत्रकात असावी, असे माझे मत आहे.