हार्नेस शर्यतीचा निवेदक पडद्यावरचे वाचून दाखवत नाही

एक चित्रफीत आणि तिच्याखालचा लांबलचक मजकूर सध्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांतून फिरतो आहे. चित्रफितीत अमेरिकेतील हार्नेस शर्यत दिसते, म्हणजे दोन चाकांच्या हलक्या गाडीला जुंपलेले घोडे धावताना दिसतात, आणि पाठीमागे निवेदकाचा आवाज चढत जातो. मजकुराचा दावा असा की हे निवेदन म्हणजे निव्वळ देखावा आहे. वाक्ये आधीच ध्वनिमुद्रित केलेली असतात. जे ताजे असते ते समोरच्या पडद्यावरून वाचलेले असते. घोड्यांना चिप लावलेली असल्यामुळे हे काम संगणकही करू शकतो. आवाज चढवण्यामागे लोकांना पैसे लावायला भरीस घालण्याचा हेतू असतो. आणि म्हणून आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतींच्या निवेदकांनीही आता माइक खाली ठेवून दुसरा कामधंदा पाहावा.

हा मजकूर माझ्या मावसबहिणीच्या मुलापर्यंत पोहोचला नसता तर मी त्याची दखलही घेतली नसती. तो सातारा जिल्ह्यातील मैदानांवर बैलगाडा शर्यतींचे निवेदन करतो, आणि ज्या गटात गाडीमालक त्याला मैदानाच्या तारखा कळवतात त्याच गटात कोणीतरी हा मजकूर टाकला. “मावशी, तू तिकडेच राहतेस, हे खरं आहे का?” असे त्याने विचारले. मी ओहायो राज्यात कोलंबस शहरात राहते. शहराच्या उत्तरेला डेलावेअर नावाचे गाव आहे, तेथील जत्रेच्या मैदानावर 1946 पासून दर सप्टेंबरात ‘लिटल ब्राउन जग’ ही हार्नेस शर्यतींतील अत्यंत मानाची शर्यत होते आणि मी ती पाहायला जाते. तेव्हा त्याला उत्तर देणे मला भागच होते. आणि मजकूर ज्या गटांत फिरला तेथेही ते पोहोचावे म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी हा खेळ काय आहे ते थोडक्यात सांगायला हवे, कारण मजकूर लिहिणाऱ्याला तो महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरच्या शर्यतीसारखाच वाटलेला दिसतो. तेथे जॉकी घोड्यावर बसतो आणि घोडा चौखूर उधळतो. हार्नेस शर्यतीत चालक मागच्या गाडीत बसतो, या गाडीला सल्की म्हणतात, आणि घोड्याने ठरलेली चाल सोडायची नसते. काही शर्यती दुडक्या चालीच्या असतात, तर काही त्या चालीच्या, जिच्यात एकाच बाजूचे पुढचे आणि मागचे पाय एकदम पडतात. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रवाल चालीची पारख करणाऱ्यांना ही दुसरी चाल वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. घोडा चाल मोडून उधळला तर चालकाला त्याला आवरून पुन्हा चालीवर आणावे लागते आणि तेवढ्यात बाकीचे पुढे निघून जातात. अंतर बहुधा एक मैल असते. 2022 च्या जुलैमध्ये न्यू जर्सीतील मेडोलँड्स रेसकोर्सवर बुलडॉग हॅनोव्हर या घोड्याने हा मैल 1 मिनिट 45.8 सेकंदांत कापला. एरवीही चांगल्या प्रतीची शर्यत दोन मिनिटांच्या आत संपते, आणि निवेदकाला जे काही सांगायचे असते ते तेवढ्या वेळातच सांगायचे असते.

आता ध्वनिमुद्रणाच्या दाव्याकडे वळते. मजकुरात याचा एकमेव पुरावा म्हणून असे दिले आहे की निवेदक प्रत्येक शर्यतीत तीच तीच वाक्ये बोलतो. यात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करावे लागते. सुरुवातीची फाटक-गाडी, म्हणजे दोन्ही बाजूंना पंखांसारखे फाटक पसरलेली मोटार, घोड्यांच्या पुढे धावत वेग वाढवते आणि सुरुवातीच्या रेषेवर फाटक मिटून बाजूला होते. त्या क्षणी प्रत्येक निवेदकाचे एक ठरलेले वाक्य असते. पाव मैल, अर्धा मैल आणि पाऊण मैलाच्या वेळा सांगण्याची पद्धतही ठरलेली असते. परंतु त्यावरून उरलेले निवेदन ध्वनिमुद्रित आहे असे म्हणणे निव्वळ बेजबाबदारपणाचे आहे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित यांचे क्रिकेटचे मराठी धावते वर्णन ऐकत वाढलेल्या पिढीला ठरलेले शब्द आणि ठरलेला सामना यांतील फरक सांगावा लागू नये.

ध्वनिमुद्रण करायचे तर कशाचे करणार? घोडा चाल कधी मोडेल हे त्याच्या चालकालाही ठाऊक नसते. 1989 साली मेडोलँड्सवर झालेल्या हॅम्बल्टोनियन या दुडक्या चालीच्या मानाच्या शर्यतीची निर्णायक फेरी पार्क अव्हेन्यू जो आणि प्रोब या दोन घोड्यांमध्ये बरोबरीत सुटली. अशा निकालाचे वाक्य आदल्या दिवशी कोणी मुद्रित करून ठेवले असेल? डेलावेअरला तर पात्रता फेरी आणि अंतिम फेरी एकाच दुपारी होतात. पात्रता फेरीत आरामात जिंकलेला घोडा दोन-तीन तासांनी अंतिम फेरीत बाहेरच्या बाजूला अडकतो आणि शेवटच्या वळणावर त्याची दमछाक होते, असे तेथे पाहायला मिळते. घोडा तोच, चालक तोच, मैदान तेच, आणि तरीही निवेदकाला सांगण्याची गोष्ट पूर्णपणे वेगळी. बरे, मजकुराचा पुढचाच मुद्दा असा की निवेदक पडद्यावरून वाचतो. सगळे आधीच मुद्रित असेल तर वाचायचे काय, एवढा प्रश्नही लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

पडद्याविषयी सांगायचे तर निवेदकाच्या खोलीत पडदा असतो आणि पाव मैलाच्या वेळा तो फलकावरूनच सांगतो, हे खरे आहे. घोडे मात्र तो ओळखतो, आणि ती ओळखच या कामातील सर्वांत अवघड गोष्ट आहे. चौखूर शर्यतीत जॉकीच्या अंगावर घोड्याच्या मालकाचे रंग असतात. उत्तर अमेरिकेतील हार्नेस शर्यतीत चालक स्वतःचे नोंदवलेले रंग घालतो आणि बहुधा कारकीर्दभर तेच वापरतो. याचा परिणाम निवेदकाच्या स्मरणशक्तीवर काय होतो याचा विचार करावा. निळा-पांढरा पोशाख घातलेला चालक चौथ्या शर्यतीत एका घोड्यामागे बसलेला असतो. साधारण वीस मिनिटांनी पाचव्या शर्यतीत तोच निळा-पांढरा पोशाख दुसऱ्याच घोड्यामागे दिसतो आणि सहाव्या शर्यतीत तिसऱ्याच. संध्याकाळभरात दहा-बारा शर्यती होतात. प्रत्येक वेळी आधीची जोडी पुसून नवी बसवावी लागते, आणि जुनी जोडी नीट पुसली गेली नसेल तर अंतिम सरळ पट्ट्यात हजारो लोकांसमोर भलत्याच घोड्याचे नाव तोंडातून जाते. घोड्याच्या डोक्यावर क्रमांक असतो, खोगीरपट्टीलाही क्रमांकानुसार ठरलेला रंग असतो, एकला लाल, दोनला निळा, तीनला पांढरा. परंतु मैदानाच्या पलीकडच्या बाजूला घोडे एकामागे एक झाकले जातात, धूळ किंवा चिखल उडत असतो आणि दुर्बिणीतून दिसतो तो बहुधा चालकाचा खांदा आणि टोपी.

ओळख पटल्यावर खरे काम सुरू होते. या शर्यतीत आतल्या कठड्यालगत धावणाऱ्या घोड्याला अंतर कमी पडते, आणि दुसऱ्याच्या मागे राहणाऱ्याला वारा कमी लागतो. जो बाहेरच्या बाजूने, पुढे कोणाचाही आडोसा नसताना आघाडीच्या घोड्याला भिडतो, त्याला दोन्ही गोष्टींची किंमत मोजावी लागते. त्याच्या मागे लपून येणारा मात्र ताजातवाना राहतो. जाणता निवेदक अर्ध्या मैलाच्या सुमारास केवळ क्रम सांगून थांबत नाही. आघाडीवरच्या घोड्याला पहिला पाव मैल किती वेगाने काढावा लागला, आता त्याला दम घ्यायला मिळतो आहे की नाही, बाहेरचा घोडा अजून आत शिरू शकलेला नाही, हे तो दोन-तीन शब्दांच्या तुकड्यांत ऐकणाऱ्यांच्या ध्यानात आणून देतो. त्यामुळे शेवटच्या वळणावर पाचवा घोडा मुसंडी मारून पुढे येतो तेव्हा प्रेक्षकाला ते अचानक घडले असे वाटत नाही. डेलावेअरला अर्ध्या मैलाचे मैदान असल्यामुळे घोडे दोन फेऱ्या मारतात. कुंपणाला लावलेल्या स्वतःच्या खुर्च्यांवर बसलेल्या लोकांना पलीकडची बाजू धड दिसत नाही, आणि तेथे काय चालले आहे हे त्यांना निवेदकाच्या आवाजातूनच कळते. याच मैदानाचा आवाज म्हणून ओळखले जाणारे रॉजर ह्यूस्टन यांनी आपल्या कारकिर्दीत दीड लाखांहून अधिक शर्यतींचे निवेदन केले. घरी परतणाऱ्या लोकांच्या तोंडी घोड्यांच्या नावांइतकेच ह्यूस्टन यांचे नाव मी ऐकले आहे.

हे काम कोणीही करू शकतो असे ज्यांना वाटते त्यांनी टॉम डर्किन यांचे उदाहरण लक्षात घ्यावे. डर्किन यांनी 1980 च्या दशकात मेडोलँड्सवर हार्नेस शर्यतींचे निवेदन केले आणि चौखूर शर्यतींचेही ते निवेदक होते. 2001 पासून केंटकी डर्बीसह अमेरिकेतील तीन सर्वांत मोठ्या शर्यती दूरचित्रवाणीवर त्यांच्या आवाजात ऐकू येत होत्या. 2011 साली त्यांनी ते काम स्वतःहून सोडले आणि त्याचे कारणही जाहीरपणे सांगितले: त्या दोन मिनिटांचा मानसिक ताण त्यांना सहन होईनासा झाला होता आणि त्यासाठी केलेले उपचारही पुरेसे ठरले नव्हते. त्याआधी, 2009 च्या डर्बीत, ज्याच्यावर एकास पन्नास असा भाव होता तो माइन दॅट बर्ड कठड्यालगतच्या फटीतून पुढे आला आणि तो आघाडी घेईपर्यंत डर्किन यांच्या लक्षातच आला नाही. त्यांच्यासारख्या निवेदकाच्या हातून ही चूक कोट्यवधी प्रेक्षकांसमोर झाली. समोर पडद्यावरून वाचायचे असते तर घोडा नजरेतून सुटला नसता. आणि मुद्रित वाक्ये वाजवणाऱ्या माणसाला एवढा ताण कशाचा आला असता?

चिप आणि संगणकाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. काही रेसकोर्सवर घोड्यांची जागा टिपणारी यंत्रणा आहे, आणि तिच्यावरून कोण कितव्या स्थानी आहे याची वाक्ये संगणक तयार करू शकेल, हे मी मान्य करते. परंतु दहा घोड्यांपैकी या क्षणी कोणत्या दोघांविषयी बोलायचे आणि कोणाला वगळायचे हे ठरवणे हेच निवेदन आहे, आणि ते स्थानांच्या यादीतून आपोआप निघत नाही.

पैसे लावायला भरीस घालण्याचा आरोप मात्र गंभीर आहे. शर्यत सुटते तेव्हा त्या शर्यतीवरचे पैसे घेणे बंद झालेले असते. त्यामुळे शेवटच्या पट्ट्यात आवाज चढला तरी त्या शर्यतीत कोणी एक डॉलरही जास्त लावू शकत नाही. रेसकोर्सचे उत्पन्न पैजांवर चालते, निवेदकाचा पगार त्यातूनच येतो आणि रंगलेल्या निवेदनामुळे लोक पुढच्या शर्यतीपर्यंत थांबतात, एवढे खरे आहे. जुगाराविषयी ज्यांना आक्षेप आहे त्यांनी तो रेसकोर्सवर अवश्य घ्यावा. निवेदक मात्र पैसे लावणाऱ्यांना आवश्यक ती माहितीही देत असतो. कोणता घोडा ऐन वेळी मागे घेतला, कोणाचा चालक बदलला, पंचांनी चौकशी सुरू केली असल्याने तिकिटे फाडून टाकू नका, हे सगळे त्याच आवाजात सांगितले जाते.

निवेदकाला कोणी लक्षात ठेवत नाही असेही त्या मजकुरात एके ठिकाणी आले आहे. मेडोलँड्सचे निवेदक सॅम मॅकी 2017 च्या मार्चमध्ये वारले. आज त्याच मैदानावर, हॅम्बल्टोनियनच्या दिवशी, मुरलेल्या पेसर, म्हणजे एकाच बाजूचे पाय एकदम टाकणाऱ्या, घोड्यांची एक मोठी शर्यत त्यांच्या नावाने होते.

राहिला बैलगाडा शर्यतींचा मुद्दा, आणि मला सर्वाधिक राग आला तो याच मुद्द्याचा. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, 2021 च्या डिसेंबरमध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. मधल्या सात वर्षांत गावोगावच्या निवेदकांचे हे काम थांबले होते. आता कुठे ती मुले पुन्हा मैदानावर उभी राहत आहेत. माझा भाचा शर्यतीतल्या प्रत्येक बैलाचे नाव, गाव, मालक आणि या वेळी कोणाशी पैरा झाला आहे, म्हणजे कोणत्या बैलाशी जोडी जुळली आहे, हे तोंडपाठ ठेवतो, आणि हे बैल एका मैदानावर एकाशी तर दुसऱ्या मैदानावर दुसऱ्याशीच जुंपलेले असतात. डेलावेअरच्या निवेदकाला चालकांच्या रंगांशी जी झुंज द्यावी लागते तीच त्याला बैलजोड्यांशी द्यावी लागते, आणि तीही मैलभराच्या नव्हे, काही सेकंदांच्या धावेत. त्याच्या पुढ्यात पडदा नसतो, डोक्यावर मांडव असतो आणि कर्णा अधूनमधून खरखरत असतो.

एक सुधारणा मात्र व्हायला हवी, आणि ती निवेदकांच्या नव्हे, आयोजकांच्या हातात आहे. भाच्याने पाठवलेल्या चित्रफितींत मी अनेकदा पाहिले आहे की झेंडा पडतो तेव्हा तो देणगीदारांची यादी वाचत असतो, आणि गाड्या निम्म्या अंतरावर येईपर्यंत त्याला ती पूर्ण करावी लागते, कारण नाव राहिले तर देणगीदार नाराज होतो. ही यादी शर्यतीच्या दोन गटांच्या मधल्या वेळेत वाचावी आणि झेंडापंचाने हात वर केल्यापासून निकाल लागेपर्यंत माइकवर शर्यतीखेरीज दुसरे काहीही बोलले जाऊ नये, एवढा नियम मैदानाच्या पत्रिकेत छापून टाकावा.