ग्राइंडर चालवायची इंदुरी रीत

इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावर घर बांधायला काढलंय? वा! म्हणजे फरशी-लोखंड कापायचा, हातात धरायचा चार इंची ग्राइंडर आलाच. खोक्यातून निघाल्याबरोबर त्याच्या पात्यावरचा अर्धगोल पत्रा, तो गार्ड, उतरवून टाका. कोपऱ्यात मधे येतो मेला. फेकू मात्र नका. आमच्या घराच्या कामावर तो चार महिने विड्यांची थोटकं टाकायला होता, जराही वाकला नाही.

आता चौकटीचं लाकूड कापायचंय? सुताराची करवत कशाला, त्याच ग्राइंडरवर दातेरी पातं चढवा. मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे! गाठीत दात अडकला की ग्राइंडर उलटा उसळून थेट मनगटाची चौकशी करतो. फरशी असेल तर तुकडा पायाच्या अंगठ्याखाली दाबावा, स्लिपर घालून. तुकडा घट्ट पकडायचा शिकंजा सोन्याच्या भावाने मिळतो ना!

पातं बदलताना प्लग काढायचा म्हणे. पण काढायला प्लग हवा ना? आपल्याकडे दोन उघड्या वायरी सॉकेटात खुपसून वर काडीपेटीच्या काड्या ठोकलेल्या. त्या कोण उपसणार! तेव्हा वीज चालू, बोट पात्यावर, नि स्विच नेमका मिस्त्रीच्या गुडघ्याखाली. मिस्त्री म्हणतोच, ‘अरे भिया, दो मिनिट का काम है.’

कापायच्या चकतीच्या मधल्या कड्यावर मुदत छापलेली असते. तिकडे बघू नका, तारखा दुधाच्या पिशवीवर बघायच्या. पावसात भिजलेली चकतीसुद्धा उन्हात वाळवून वापरा. फुटलीच तर तुकडे आपसूक वाटले जातात. कुणी फारच काळजीवाहू निघाला तर त्याला सैल सुती हातमोजे द्या. धागा पात्यात गुंतला की मोजा आत जातो, आणि मोजा काही एकटा जात नाही.

समजा, बोट गेलंच. डॉक्टर सांगतात, ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोटाला बर्फ थेट लागू देऊ नका. एवढं लक्षात कोण ठेवतो? आपण जखमेत हळद कोंबतो आणि बोट शोधायला पोरगं पाठवतो. दवाखान्याचं बिल येईपर्यंत ठेकेदारही मोठा हळवा असतो. मग तो अंगठा दाखवतो. त्याचा शाबूत आहे.

खंडेनवमीला मात्र कसूर नको. ग्राइंडर पुसून पाटावर ठेवा, हळदकुंकू वाहा, झेंडूचा हार घाला. त्या दिवशी थोटकं झटकून गार्डही बसवा, फोटोत बरा दिसतो. दसऱ्याला सकाळी परत काढायचा, विड्या ओढायच्या असतात.